विहिरीवरचं फडकं

बेळगावात नुकतंच कॉलेज निघालं होतं आणि निपाणीचे जैन तंबाखूवाले आप्पा भाड्यानं देण्यासाठी एखादं घर विकत घ्यायला बघत होते. मी त्यांचा दलाल. प्रत्येक घरी ते आधी विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून पीत. मग फडक्यात अडकलेले बारीक जीव जपून त्याच विहिरीत परत सोडत.

बेळगावलगतच्या शहापुरातलं हे सातवं घर. मी घाईनं म्हणालो, “विणकराचं बिऱ्हाड कालच हलवलंय, आप्पा. कॉलेजची पोरं ठेवा, भाडं दुप्पट येतंय.”

आप्पा फडकं विहिरीत खंगाळत होते. हातमागाच्या रिकाम्या खड्ड्याकडं बघत त्यांनी विचारलं, “व्हय रं, त्यास्नी कुठं सोडलास?”

मला ठाऊक नव्हतं.