क्रमांक नसलेली पानं

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, तेव्हा ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच तर त्याने आधी माझ्या ऱ्हस्व-दीर्घांना आणि मग मला क्षमा करावी. चौथीनंतर शाळा सुटली आणि बोटं पेनापेक्षा खळीला सरावली. मैद्याची खळ शिजत आली की कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचुदाची चिमूट पडते. तिची कडवट वाफ मार्गशीर्षातल्या थंडीत छापखान्याच्या पत्र्याखाली अशी साचून राहते की सकाळ म्हटलं की मला फुलांचा नाही, तोच वास आठवतो. खिडकीतून येणारं ऊन कागदाच्या थप्प्यांवरून हळूहळू सरकत जातं, आणि जिथे ते पोचतं तिथला कागद उबदार होऊन किंचित वाकतो, पाठीवर ऊन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा.

भद्रकालीच्या देवळामागच्या ह्या छापखान्यात मी वीस-बावीस वर्षं बाइंडिंग करते आहे. मोठ्या कागदावर एका वेळी सोळा पानं छापून येतात, त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. त्याची घडी घालायची, सगळे फॉर्म क्रमाने एकावर एक लावायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. घडी घालता घालता मी वाचते. कुणाच्या आत्मचरित्रातलं नुसतं बालपण, कुणाच्या कादंबरीतला नुसता विरह, कुण्या महाराजांच्या प्रवचनाचा मधलाच तुकडा. माझं पुढचं शिक्षण असं सोळा सोळा पानांनी झालं. म्हणूनच अख्खं पुस्तक मांडीवर असताना जे ते वाचत नाहीत आणि तरी त्यावर बोलतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला तिरस्काराहून सौम्य शब्द मला सापडलेला नाही. तोंडाने मी कुणाला काही बोलत नाही. अनोळखी माणसासमोर माझा आवाज घशातच राहतो. इथे मात्र लिहिते.

गेल्या दिवाळीनंतर अश्विनीचं पुस्तक आलं. मुलगी मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. आता इंदिरानगरात एका खोलीत राहून चित्रं काढते. पुस्तक चित्रांचंच होतं, मोठ्या माणसांसाठी काढलेली चित्रकथा, सहा प्रकरणांची, प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांचं. शब्द जवळजवळ नव्हते. तिची आई, आईचा आजार, दोघींचं भांडण, रुळांपलीकडून येणारं धुरकट ऊन, एवढंच. चित्रांना इजा होते म्हणून पानांवर क्रमांक नकोत, असा तिचा हट्ट होता. फॉर्मच्या पाठीवर आम्ही एरवी खूण छापतो, तीही ह्या खेपेला राहून गेली. क्रम दाखवणारा तिचा नमुना आमच्या मालकांच्या, शेठच्या, टेबलाच्या खणात होता, आणि खणाची किल्ली खिशात घालून शेठ लग्नपत्रिकांच्या कामासाठी मनमाडला गेले होते.

फोन करता आला असता. मंदाताई म्हणालीही, "लाव ना फोन, पोरगी काय खाते का तुला?" मंदाताई माझ्या समोर बसून शिवते, ती सटाण्याकडची, तोंडाने फटकळ. पण मी फोन लावला नाही. पहिले चार फॉर्म कळत होते. उरलेल्या दोहोंपैकी एकात आई अंगणात खाटेवर बसलेली होती, आणि मुलगी मागे बसून तिचे विरळ झालेले केस विंचरत होती. पानामागून पान तेवढंच, कंगवा, केस, ऊन, कंगव्यात अडकलेला गुंता. दुसऱ्यात आई गेलेली होती. रिकामी खाट, दोरीवरचं लुगडं, बंद दार. मी दोन्ही थप्प्यांसमोर बराच वेळ उभी राहिले आणि मग मृत्यू पाचवा लावला, केस विंचरणं सहावं. शेवट असाच असणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर वाटलं नाही. तसा असावा, असं वाटलं. तीनशे प्रती शिवून झाल्या.

अश्विनीने पहिली प्रत उघडली आणि ती शेवटापर्यंत उलटत गेली. "मावशी, माझी आई आधी मेली का? मेलेल्या बाईचे केस विंचरत बसले का मी?" तिचा आवाज यंत्राच्या आवाजावरून ऐकू येत होता. प्रकाशन परवावर आलेलं, उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता. शेठनी तिच्या बिलातून बरीच रक्कम कमी केली आणि ती दर आठवड्याला माझ्या पगारातून कापायची ठरवली. तिला मात्र ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्यासमोर ते उदार झाले. मी मान खाली घालून खळ ढवळत राहिले. पैशाचं दुःख होतंच, पण त्या मुलीने आपली आई सोळा सोळा पानांनी जपून आणून माझ्या हातात दिली होती, आणि मी ती उलटी करून परत दिली होती, हे त्याहून जड होतं. ह्याची भरपाई कुठून कापून द्यायची, ते मला कळत नव्हतं.

आणि मग परीक्षणं येऊ लागली.

पहिलं रविवारच्या पुरवणीत आलं. शेठनी ते कापून भिंतीवर चिकटवलं, माझ्याच खळीने. "काळाची सरळ रेषा मोडून लेखिकेने मृत्यूलाच प्रश्न विचारला आहे." मी ते वाक्य तीनदा वाचलं. मोडली होती ती रेषा माझ्या दोन हातांनी, दुपारच्या जेवणाआधी, आणि मृत्यूला काय, मी शेठलाही कधी प्रश्न विचारलेला नाही. दुसऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं की पाचव्या प्रकरणाच्या जागेमागे लेखिकेचं दीर्घ चिंतन दिसतं. तिसऱ्यांना त्यात परदेशी चित्रकथांची छाया दिसली. मला तिथे फक्त दोन थप्प्या दिसत होत्या. एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की चौथ्या प्रकरणात डॉक्टरांनी जिला आठवड्याची मुदत दिली आणि पाचव्यात जी गेली, ती बाई सहाव्यात अंगणात कशी बसली? विचारायला लाज वाटली असेल. न कळलेल्या गोष्टीला नमस्कार करून मोकळं होणं सोपं असतं. देवळातही आपण तेच करतो, पण तिथे निदान चपला बाहेर काढतो.

सगळ्यात पुढे गेला तो एक व्हिडिओवाला तरुण. मोबाइलवरच्या खेळांच्या आणि चित्रकथांच्या बातम्या द्यायच्या, कुठला खेळ कधी येणार, कुठल्याचा दुसरा भाग निघणार ते सांगायचं आणि दहापैकी गुण वाटायचे, हा त्याचा उद्योग. पुस्तक जिथे बनलं ती जागा दाखवायची म्हणून तो एके दुपारी छापखान्यात आला, हातात काठीला लावलेला फोन. माझ्या पाटापाशी येऊन म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." मी झाले बाजूला. मग माझ्या सुया, माझा दोरा, माझी खळीची वाटी मागे ठेवून त्याने फोनमधल्या आपल्याच चेहऱ्याला सांगितलं, "गेममध्ये कसं, प्लेअर मेला की मागच्या लेव्हलला परत जातो ना? हे पुस्तक एक्झॅक्टली तेच करतं! माइंडब्लोइंग! दहापैकी साडेनऊ!" अर्धा गुण कुठे कापला ते त्याने सांगितलं नाही. माझा तर पगारच कापला जात होता.

तो गेल्यावर मंदाताईने सुई दातात धरून त्याची नक्कल केली आणि कपाळाला हात लावला. "माय व! चूक तुनी आनि शाबासकी तिनी!"

मी हसले, पण हसू टिकलं नाही. त्या मुलीचाही राग यायला लागला होता. आईची गोष्ट चुकीची सांगितली गेली आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ती गप्प होती. स्तुतीने माणूस इतक्या लवकर आईला विसरतो?

माघात दुसरी आवृत्ती निघाली. नमुना समोर होता, खणाला कुलूप नव्हतं, आणि शेठ माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सुमनबाई, मागच्यासारखंच लावायचं. तिनेच सांगितलंय. यावेळी बरोबर लावलंत तर पगार कापीन." आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. मी पाचव्या जागी सहावा ठेवला, सहाव्या जागी पाचवा. चूक नकळत करायला काही लागत नाही. तीच चूक पाहून, मोजून, पाचशे वेळा करायची म्हटल्यावर हाताला एक प्रकारची शिसारी येते. प्रत्येक प्रतीत ती बाई माझ्या बोटांखाली मरत होती आणि उठून बसत होती.

काम संपलं त्या दिवशी अश्विनी आली. कागदाच्या गठ्ठ्यावर माझ्याशेजारी बसली. बिलातली रक्कम माझ्या पगारातून गेली हे तिला मंदाताईने, म्हणजे अर्थातच सगळ्या छापखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं होतं. तिने पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते घेतलं नाही आणि नाकारलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मीच आधी बोलले. "तू त्या लोकांना सांगत का नाहीस, की ही चूक आहे?"

"सांगितलं होतं. त्या व्हिडिओवाल्याला. तो म्हणाला, ताई, हे कुठे बोलू नका, माझं साडेनऊ वाया जाईल." ती हसली, मग हसायची थांबली. "मावशी, त्या दिवशी तुमच्यावर ओरडून घरी गेले आणि रात्रभर तुम्हाला शिव्या दिल्या. मग सकाळी परत पाहिलं. आई जाते, घर रिकामं होतं, दार बंद होतं. आणि पान उलटलं की आई उन्हात बसलेली, तिची वेणी माझ्या हातात. माझ्या क्रमाने पुस्तक संपलं की मी पुन्हा त्या दारापाशी येते. तुमच्या क्रमाने संपलं की... संपत नाही ते. ही बाकीची माणसं काय बोलतात ते मलाही कळत नाही. मला तिथे थांबायचंय, एवढंच." मग तिने विचारलं, "तुम्ही मुद्दाम केलं होतं का?"

बाहेर ऊन भिंतीवर चढलं होतं आणि त्या कात्रणाचा एक कोपरा सुटून हलत होता. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर तेही जमेना. त्या शहाण्यांना मी मूर्ख म्हणत आले आणि अजूनही म्हणते. नसलेलं चिंतन त्यांनी पाहिलं. पण तिथे कुणीतरी थप्प्यांसमोर बराच वेळ उभं राहिलं होतं, हेही खोटं नाही.

ती गेल्यावर पाकीट उघडलं. दर आठवड्याला कापलेला पैसा त्यात पूर्ण होता, एका रुपयानेही कमी नाही. ती चूक होती ह्याची ती कपात तेवढीच एक खूण जगात शिल्लक होती. आता तीही फिटली.