रंगरावांचे मंगळवार

आमच्या सोसायटीत बोलवा होती, की रंगरावांनी पाठीचा कणा हॉस्पिटलला दान केला आणि आता त्यांच्या पाठीत स्टीलचा पाइप आहे. पहिल्या मजल्यावरच्या प्रेमलाकाकू तर "अस्सा जाऽड!" म्हणून मनगट दाखवायच्या.

रंगरावांनी दिले होते ते फक्त मंगळवार. बुधवार पेठेत तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस अँटेना बसवताना गच्चीवरून पडला आणि कमरेखाली सगळं सुन्न झालं. मणक्याच्या इजेवरच्या एका नव्या औषधाचं संशोधन चालू होतं, त्यात त्यांनी नाव घातलं. दर मंगळवारी डोळे मिटून पडायचं. डॉक्टर ऋचा पायाला पिन टोचणार, मधेच मुद्दाम टोचणार नाहीत. टोचलं का, ते यांनी सांगायचं. वर्षभर एकच रड: "नाही. नाही. नाही हो."

मग महिन्यापूर्वी 'हो' यायला लागलं, तेही बरोबर. त्यांच्या बायकोने, सुशीलाबाईंनी, पेढे वाटले. फरक दिसेल त्यालाच पुढच्या टप्प्यात घेणार होते.

सोमवारी संध्याकाळी रंगराव बायकोला म्हणाले, "अगं, पायाला काही कळत नाहीये. पिन उचलली की डॉक्टरांची ती नवी बांगडी घड्याळाला लागून किणकिणते. मला आपलं वाटत होतं, पायच बोलतोय."

"मग बोलू दे की! एवढ्यासाठी यादीतलं नाव घालवणार?"

"दमलो गं."

"मी नाही दमले?"

मंगळवारी टेबलावर आडवं झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, तेवढी बांगडी काढा. मग टोचा."

बांगडी निघाली. दहा वेळा विचारलं. दहा वेळा "नाही."

"मागचा महिना बाद करावा लागेल, काका. आणि पुढच्या टप्प्यात..."

"कळलं. नाहीतर माझ्या कानाच्या भरवशावर शंभर जणांना औषध पाजाल."

रिक्षात सुशीलाबाईंनी त्यांच्या पायांवरची शाल नीट केली. मग म्हणाल्या, "कान शाबूत आहेत, तेवढंच."

सोमवारी रात्री रंगरावांनी मलाही बांगडीचं सांगितलं, तेव्हा ते डॉक्टरांना हे सांगणारच नाहीत, अशी मी त्यांच्याशी भेळेची पैज लावली होती. संध्याकाळी भेळ घेऊन गेलो. रंगरावांनी दोन घास खाल्ले, मान मागे टेकवली आणि डोळे न उघडताच म्हणाले, "चिंच कमी आहे."