यांना बाहेर काढू नका

जालन्याच्या दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर एक आजारी बाई होत्या. त्यांचे नवरे वाटूरचे, गाद्या भरणारे. मी त्यांना चाचा म्हणायचे, नाव कधी विचारलं नाही. आले की आधी तळहाताने बायकोची गादी दाबून बघायचे आणि खोलगट लागली तर खाली गोधडीची घडी सरकवायचे.

एकदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, "आजार आता बरा होणार नाही. मशीन लावून नुसता त्रास होईल. केसपेपरवर पॅलिएटिव्ह केअर लिहू का? म्हणजे ड्युटीवर कुणीही असलं तरी त्याला कळेल, की मशीन लावायचं नाही."

"मंग आता काहीच करणार न्हाई?"

"करणार ना. दुखू देणार नाही, दम लागू देणार नाही."

चाचांनी बायकोच्या गादीवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "तिलाच इचारून लिहा. अंग तिचं हाय."

बाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "नळ्या नको. अन् यांना बाहेर काढू नका."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहिलं. संध्याकाळी नवा वॉर्डबॉय भेटीची वेळ संपली म्हणून चाचांना उठवू लागला, तेव्हा सिस्टरने केसपेपर पाहिला आणि त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. मग रोज ते नवरा-बायको हळू आवाजात उर्दूत बोलत राहायचे. कधी बाई हसायच्याही. त्याच आठवड्यात एका दुपारी त्या शांतपणे गेल्या.

आता आईही नाही. पण तो वॉर्ड आठवला की चाचाच डोळ्यांपुढे येतात. बाई गेल्या त्या दिवशी ते निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "बेटी, लई बोललो आम्ही. धंद्यापायी इतकी वर्षं राहूनच गेल्तं."