पंपवाल्या मावशी

माझी नोकरी वाचवली ती पंपवाल्या मावशींनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा ट्रॅक्टरचं पुराण लागलं की मावशी राहून जातात. डहाणूच्या किनाऱ्याला त्यांची चिकूची वाडी. यजमान गेल्यावर विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी स्वतःच ताब्यात घेतलं. पदर खोचून हँडल मारायच्या आणि इंजिन लागलं की कुस्ती मारल्यासारख्या कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघायच्या.

कुणाचं इंजिन बिघडलं की मात्र त्या इंजिनाकडे बघतच नसत. चालवणाऱ्याकडे बघत. "आधी माणूस बघू, मग मशीन," म्हणायच्या. लोक हसायचे. मीही हसलो होतो.

मी सोलापूरकडचा. सातवीत शाळा सुटली, ड्रायव्हिंग शिकलो आणि फिरत फिरत इथे तात्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवर लागलो. रानशेतला तात्यांचं गवताचं रान होतं. गवताच्या गासड्या डहाणू रोडच्या वखारीत पोचवायच्या, हे माझं काम. त्या हंगामात ट्रॅक्टरनं छळ मांडला. निघताना झकास, दोन मैलांवर धापा टाकायचा, ठसकायचा, बंद. उतरून टाकी उघडून बघावं तर डिझेल भरपूर. पुन्हा सुरू करावा तर मुकाट चालू, आणि दोन मैलांवर परत तेच. स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्यानं फिल्टर बदलला, नॉझल साफ केले आणि हात पुसत म्हणाला, "भाई, आ तो घरडुं थई गयुं." म्हणजे म्हातारा झाला.

तात्या म्हणाले, "शनिवारी खेप न थांबता पोचली नाही, तर ट्रॅक्टर भंगारात. मग ड्रायव्हर ठेवून काय करू?" बैलगाडीवाले तर तोंडावर विचारायला लागले, "सोलापूरची गाडी किती वाजता असते रे तुझी?" आणि मी घरी पत्र धाडून बसलो होतो, की मी कायम झालो! शेवटी मावशींच्या पाया पडलो.

शनिवारी सकाळी त्या रानशेतला येऊन गासडीवर बसल्या. मी बॉनेट उघडायला गेलो.

"ते राहू दे. रोज निघताना काय काय करतोस ते कर. आणि मी बसलेय म्हणून शहाण्यासारखं वागू नकोस."

मी पाणी बघितलं, ऑइल बघितलं, डिझेल ओतून झाकण लावलं. झाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढला, वर फडकं, आणि सुतळीनं आवळून बांधलं.

"हे काय?"

"गवताचा भुसा आत जाऊ नये म्हणून, मावशी."

"कधीपासून बांधतोस?"

"गवत भरायला लागलो तेव्हापासून."

"आणि हा बंद कधीपासून पडतोय?"



त्यांनी सुतळी सोडली आणि झाकणावरचं बारीकसं भोक नखानं दाखवलं. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती मीच कोंडली होती. डिझेल बघायला झाकण उघडलं की हवा आत जायची, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चालायचा. गासड्या भरणारे हमाल ऐकणार नाहीत इतक्या हळू त्या म्हणाल्या, "थंडी लागेल म्हणून लेकराचं नाकच बांधलंस की रे, सोलापूर!" मग एक रिकामा डबा झाकणावर सैलसर पालथा घातला. भुसा बाहेर, हवा आत.

त्या दिवशी ट्रॅक्टर असा निघाला की बैलगाड्या मागे टाकल्या, चढ चढला आणि कुठेही न ठसकता वखारीच्या दारात उभा राहिला. मावशी ट्रॉलीत गासडीवर बसून, डोक्यात गवत माळल्यासारख्या.

तात्यांनी विचारलं, "वहिनी, काय निघालं?"

"ड्रायव्हरला विचारा."

मी खरं ते सांगितलं. तात्या एकदम हसत सुटले. "काळजीनंच मारत होतास त्याला! जा, दुपारी दुसरी खेप आण." म्हणजे मी राहिलो होतो!

त्यानंतर त्या ट्रॅक्टरवर मी चार हंगाम काढले. आता तलासरीकडे कामाला आहे. मावशींची भेट क्वचित होते. मागे एकदा म्हणाल्या, "ज्वारीची भाकरी कशी लागते रे? आम्ही जन्मभर तांदळाचीच खाल्ली." तेव्हाच ठरवलं. मोठी सुट्टी मिळाली की मावशींना गाडीत बसवून सोलापूरकडे नेणार, चुलीपुढे पाटावर बसवणार आणि आईला सांगणार, "ज्यांच्यामुळे माझं पत्र खोटं ठरलं नाही, त्या या. वाढ."