बाहेर मारलेला बॉल

आधी ताईंचं सांगते, मग बाकीचं. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे त्यांचं घर आहे आणि रोज सकाळी त्या मुलींना फुटबॉल शिकवतात. त्यांनी ठेवून घेतलं नसतं तर मी आज नागपुरात नसते. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत की गावाकडच्या नाहीत.

मी कोल्हापूरकडची. थोरल्या बहिणीला मूल झालं तेव्हा माझी नववी अर्ध्यात सुटली. तिचे यजमान खापरखेड्याला वीज केंद्रात होते, बाळ सांभाळायला म्हणून मला एवढ्या लांब पाठवलं. आमच्याकडं फुटबॉलचं वेड सगळ्यांना, पण पोरींनी ते भिंतीवर बसून बघायचं. पोरं कमी पडली तरच मला गोलात उभं करायचे. कॉलनीच्या मैदानात मात्र मी पोरांत खेळायला लागले आणि तिथंच एकदा मुलींना सामन्याला घेऊन आलेल्या ताईंनी मला पाहिलं.

भाऊजींची बदली झाल्यावर मला घरी धाडायचं ठरलं. गावी स्थळांची बोलणी सुरू झालीच होती. ताई बहिणीकडे आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "वरची खोली रिकामीच हाय आमची. राहू द्या पोरीले माह्यापाशी." त्या खोलीत पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचा माग असायचा. आता तिथं मी, माझी ट्रंक आणि बॉलची जाळी. सकाळी सराव, नंतर एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, फोनवर एकच अट घातली: दिवाळीपर्यंत खेळात काही झालं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं घरी यायचं.

काही होणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. दरवर्षी निवडीचे एक सर यायचे, सामना बघायचे आणि त्यांना पटतील त्या मुलींना निवासी शिबिराला न्यायचे. तिथं राहणं-खाणं त्यांचं. तिथं नाव लागलं असतं तर आप्पा गप्प बसले असते.

आता ताईंच्या संघातली एक रीत सांगायला हवी. मैदानात कुणी पडलं, मग ती आपली असो की समोरची, की बॉल बाहेर मारायचा आणि आधी तिला उचलायचं. पंच शिट्टी मारो न मारो. मी नवीन होते तेव्हा मला हसू यायचं. आमच्याकडं पडलेल्याला ओलांडून पुढं जाणारा गडी लोकांना आवडतो. पण मी येण्याआधी एका मुलीचा हात मोडला होता. तिचे वडील म्हणाले, हात वाकडा राहिला तर पोरीशी लग्न कोण करेल? तिचं खेळणं बंद झालंच, पण आठवडाभरात त्यांच्या गल्लीतल्या बाकी मुलींचंही झालं. ताई दारोदार फिरल्या, पण एकही परत आली नाही. तेव्हापासून ही रीत. मुलांमधला एखादा जखमी झाला तर पुढच्या महिन्यात येतो. मुलगी गेली की गेलीच, आणि जाताना बरोबर दोघी-तिघींना घेऊन जाते.

सर आले त्या दिवशी आमचा सामना प्रताप नगरच्या मुलींशी होता. रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी ताईंनी सगळ्यांच्या वेण्या बघितल्या, नखं बघितली, कानातलं काढायला लावलं. मला म्हणाल्या, "तू फक्त मान वर ठेव. बॉल कुठी जात नाही." खाली बघून खेळायची माझी सवय त्यांनीच मोडली होती.

खेळ बरा चालला होता. बरा म्हणजे आमच्या हिशेबानं. आमचे पास जवळचेच असायचे, गोलकीपरची किक अर्ध्या मैदानापर्यंत पोचायची नाही, हे आम्हालाही दिसत होतं. दुसऱ्या हाफमध्ये एक बॉल मला मोकळा मिळाला. समोर त्यांची एकच खेळाडू होती, आणि मागं गोलकीपर, तीही पुढं येऊन चुकलेली. मी डावीकडून वळले, माझ्याबरोबर वळताना ती मुलगी घसरली आणि गुडघा धरून खाली बसली. पुढं अख्खा गोल मोकळा.

मी बॉल बाहेर मारला आणि तिच्याकडे गेले.

विचार करून केलं असतं तर निदान सांगता तरी आलं असतं. पण पायानं आपोआपच केलं. आणि ती मुलगी उठली, पँटची माती झटकली आणि हसली. तिला काहीही झालं नव्हतं.

मैदानाच्या भिंतीवर बसलेल्या लोकांनी कपाळावर हात मारले. मग सर खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, हे फुटबॉल आहे का भुलाबाई?"

मुली फेर धरून गाणी म्हणतात ती इकडची भुलाबाई, आमच्याकडं हादगा म्हणतात. भिंत हसून लोटपोट झाली. कुणीतरी भुलाबाईचं गाणंही सुरू केलं.

सामना संपल्यावर सरांनी ताईंना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एकेक गोष्ट नीट सांगितली: मुली पहिल्या स्पर्शातच बॉल घालवतात, लांबून कुणी मारत नाही, दमसास नाही. सगळं खरंच होतं. शेवटी म्हणाले की ते दरवर्षी येतात आणि तेच बघतात, मुलींच्या खेळाचा विकास म्हणतात तो नेमका कुठं आहे?

ताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. साडीवर ट्रॅकसूटचं जॅकेट, पायात मुलाचे जुने बूट. एरवी रोज बघत होते, पण त्या वेळी त्या मला सरांच्या डोळ्यांनी दिसल्या. कुणीतरी हौशी बाई, तिची हौशी शिकवण, आणि त्यात अडकलेली मी. मी दोन पावलं मागं सरकले. खाली बसून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला लागले, म्हणजे सरांना वाटू नये की ही ताईंची.

ताई म्हणाल्या, "सर, मागच्या साली तुमी ज्या पोरी पाहून गेलते, त्यातल्या किती आज मैदानात हायेत ते पाहा. सगळ्याच्या सगळ्या हायेत. याले विकास नाही म्हनत काय?"

सरांनी एकदा मुलींकडे बघितलं. म्हणाले, "ते मान्य आहे मॅडम. पण मला जिंकणारा संघ न्यायचा आहे."

ताईंनी बॉलची जाळी उचलली. वळल्या तेव्हा मी त्यांच्या पायाशी नाडी बांधतच होते. "तुटली काय वं?" त्यांनी विचारलं. "माह्यापाशी दुसरी हाय, देतो." मी मान हलवली. वर बघण्याची हिंमत झाली नाही.

शिबिराला प्रताप नगरच्या दोघी गेल्या. त्यातली एक ती घसरलेली. आमची एकही नाही.

आप्पांना फोन मीच करायला हवा होता. मी दोन दिवस टाळला. तिसऱ्या दिवशी जिन्यात होते तर खाली ताईंचा आवाज ऐकू आला. त्यांनीच फोन लावला होता आणि स्पीकर चालू होता. माझे आप्पा अस्सल कोल्हापुरी, ताई अस्सल नागपुरी, दोघांचं निम्मं एकमेकांना कळत नव्हतं. प्रत्येक वाक्य दोनदा चाललं होतं.

आप्पा म्हणाले, "आवं बाई, गोल समोर आसताना बॉल भाईर मारतीया, ह्यो कसला ख्योळ म्हणायचा? पाठवून द्या तिला."

म्हणजे गावापर्यंत बातमी गेली होती. बहिणीनं सांगितलं असणार.

ताई म्हणाल्या, "तिनं माह्यं ऐकलं दादा, म्हनून बॉल बाहेर गेला. खोट असन तं माह्या शिकवण्यात हाय. मले बोला. तिच्यावर काहून रागावता?" आणि मग, आप्पा काही बोलायच्या आत, "आनखी एक साल द्या. जबाबदारी माही."

मग आप्पांनी विचारलं, पोरगी जेवते का नीट? ताई म्हणाल्या, "जेवते ना, पन तिखट लय लागते तिले." आप्पा हसले. तिथंच मला कळलं की एक वर्ष मिळालं.

मी खाली गेले नाही. जिन्यातच बसून राहिले. ज्या बाईपासून मी नाडीच्या निमित्तानं लांब सरकले, तिनं माझी चूक स्वतःची म्हणून आप्पांना सांगितली होती. चूक होती की नव्हती, हेही मला अजून ठरवता येत नाही. तो बॉल मारायला हवा होता, असं मला आठवड्यातून एकदा तरी वाटतं. आमच्या लहान मुलींपैकी कुणी पडली की मात्र मीच आधी ओरडते, बॉल बाहेर काढा म्हणून. कुणी मला विचारतं, पोरींचा खेळ कसा आहे, सुधारला का? मी म्हणते, किक अजून कमी पडते. पुढं काय सांगायचं ते सुचत नाही.

नाडीचं मी ताईंना कधी सांगितलं नाही. त्यांनी बघितलं होतं का, तेही विचारलं नाही. त्यांना कळलंच नसेल तर सांगून दुखवायचं, आणि कळलं असेल तर त्यांनी इतके दिवस मला जपलं, तेही मोडायचं. म्हणून तोंड उघडत नाही.

पण यंदा मी दहावीला बाहेरून बसते आहे. नंतर प्रशिक्षकाची परीक्षाही देणार. ताईंचे गुडघे गेलेत, पहाटे मैदानावर येताना भिंत धरत येतात आणि कुणी बघितलं तर भिंतीवरचा चुना तपासल्यासारखं करतात. ताई, एक दिवस असा येईल की तुम्ही उन्हं वर येईपर्यंत निजून राहाल आणि पोरी मी बघेन. तेव्हा कुणी सर आले आणि त्यांनी विचारलं, या कुणाच्या हाताखाली शिकल्या, तर मी ताठ उभी राहून तुमचं नाव सांगेन.