हुरमतखालाची सुरी

आमच्या मोहल्ल्यात कोंबडी कापायची तर आधी पुरुष शोधावा लागायचा. हातखंब्याच्या तिठ्यावरून आत चालत आलं की आमची घरं, चिऱ्याची, कौलारू. घरात बायका. पुरुष कुवेतला, बहरीनला, बोटीवर, नाहीतर मुंबईत. मागे उरलेल्यांत निम्म्यांना मिसरूड फुटलेलं नाही आणि निम्म्यांचे दात पडलेले. आणि बाईनं कापलेलं हलाल होत नाही, हे बाळकडू आम्हाला जन्मल्या दिवसापासून पाजलेलं.

मग पाहुणा आला की घरची बाई कोंबडी काखोटीला मारून तिठ्यावर उभी राहायची. मुंबई-गोवा रस्त्याचे ट्रक तिथे चहाला थांबत. एखादा टोपीवाला ड्रायव्हर उतरला की त्याला गाठायचं, "भाईजान, जरा बिस्मिल्ला करून द्या." तो हात धुवायचा, सुरी फिरवायचा आणि गाडीत बसून चालता व्हायचा. तो कधी मशिदीची पायरी चढतो की नाही, हे कोणी विचारत नसे. मिशा होत्या, बस्स झालं. आम्ही मुली घरी विचारायचो, आज कोणी कापली? ठरलेलं उत्तर यायचं, "मिळाला एक मालेगावचा ड्रायव्हर." माझ्या लहानपणी त्या मालेगाववाल्यानं आमच्या मोहल्ल्यातल्या अर्ध्याअधिक कोंबड्या कापल्या असतील.

मी याच मोहल्ल्यात जन्मले आणि इथेच दिली गेले. माझ्या सासरच्या शेजारी हुरमत सोलकर राहायची. आम्ही सगळ्या तिला हुरमतखाला म्हणायचो, खाला म्हणजे मावशी. नवरा बोटीवर खलाशी होता, तो गेला, आणि पदरात एकुलती एक लेक शमीम. हुरमतखालाचा बाप सावर्ड्याचा खाटीक. लहानपणी ती बापासाठी बकऱ्याचे पाय धरायची. आवाज असा की मशिदीच्या भोंग्याला वीज नसली तरी चालावं. भांडायची, पण पाठीमागून कोणाबद्दल बोलायची नाही, आणि आमच्या मोहल्ल्यात हा गुण दुर्मीळ होता.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी बाळंतीण होते. अंगात त्राण नव्हतं आणि सासूला मला कोंबडीचा रस्सा पाजायचा होता. मोहल्ल्यात कापायला एकटा इसाकचाचा, मशिदीत बांग देणारा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप. त्यानं सुरी अर्धवट फिरवली, कोंबडी हातातून सुटली, उडाली आणि धप्पकन विहिरीत पडली. बुडून मेलेली कोंबडी कोण खाणार? ती फेकून दिली. इसाकचाचा आमच्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

सासू दुसरी कोंबडी घेऊन लगबगीनं मागच्या दाराकडे निघाली होती. का, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. तेवढ्यात हुरमतखाला आली. तिनं ती कोंबडी सासूच्या हातातून घेतली.

"आन हिकडं ती सुरी."

आमच्या पुढच्या ओट्याखाली, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तिनं कोंबडीचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं, मोठ्यानं अल्लाचं नाव घेतलं आणि हाताच्या एकाच चालीत काम संपवलं. संध्याकाळी मी रस्सा प्यायले. त्या रश्श्यानं माझ्या अंगात जीव आला, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

त्यानंतर बायका कोंबड्या घेऊन तिच्याकडे जाऊ लागल्या. तिठ्यावरचं उभं राहणं थांबलं. पुढे ती जुम्म्याला, दर शुक्रवारी, बोकडही कापू लागली. मटणासाठी रत्नागिरीची एसटी धरायचं कारण उरलं नाही. आणि तिथेच कासममियाँच्या पोटात दुखलं.

कासममियाँ पारकर जमातीचे अध्यक्ष. कुवेतहून कायमचे परत आलेले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाला अत्तराचा घमघमाट. घरात कुवेतच्या मटणाचे डबे, त्यांवर हिरवा शिक्का. एका सकाळी ते हुरमतखालाच्या अंगणात येऊन उभे राहिले. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते, आणि खरं सांगायचं तर तेच तेच कपडे पुन्हा पुन्हा झटकत होते.

"हुरमत, बाईच्या हातचा जमातीला चालत नाय."

"मग तुमच्या डब्यातला बोकड कुनी कापला, कासममियाँ?"

"त्याच्यावर हलालचा शिक्का हाय."

"शिक्का दिसतो, हात दिसतो काय? बिस्मिल्ला म्हटला का शिटी मारली, तुमी बघाया गेल्ताव? मी कापतंय ता आख्खा मोहल्ला बघताय. मना शिक्का कशाला व्हया?"

कासममियाँ तडक मशिदीत गेले. हुरमतखालाही मागोमाग जाऊन मशिदीच्या पायरीशी उभी राहिली. इमाम तरुण, बाहेरगावचा, मदरशात शिकलेला. त्याला खरं काय ते ठाऊक होतं. पण त्याचा पगार जमात द्यायची. तो खाली बघून म्हणाला, "बाईनं कापलं तर जायज आहे, पण आपल्याकडे रिवाज नाही." हुरमतखाला त्यातलं 'जायज' घेऊन घरी आली. कासममियाँनी 'पण' उचलला आणि फर्मान काढलं: हुरमतच्या हातचं जो खाईल, तो जमातीबाहेर.

बायका पुन्हा तिठ्यावर उभ्या राहू लागल्या. मला इतका संताप आला की काय सांगू! वरच्या वाडीतला रावजी हुरमतखालाला बोकड विकायचा. कासममियाँनी त्यालाही दम भरला. रावजी कुणबी गडी, शांतपणे विडी विझवून म्हणाला, "मियाँ, बोकड माजा, गिऱ्हाईक माजा. तुमी मदी कशाक?"

अशातच शमीमचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मोहल्ल्याला जेवण घालायची आमची रीत. त्या जेवणाला जमात आली नाही तर मुलीच्या कपाळावर कायमचा डाग. सासरचे विचारणार, तुझ्या आईच्या दारात कोणी का जेवलं नाही? सगळ्यांनी हुरमतखालाला समजावलं. रत्नागिरीहून एक माणूस आणा, तो कापेल, मिटवून टाका. मीसुद्धा तेच सांगितलं.

ती म्हणाली, "आज मी वाकलंव तर उद्या माजी शमीम कोंबडी घेऊन तिठ्यावर उभी ऱ्हाणार. तिची पोरगीबी. नाय जमनार."

हळदीच्या सकाळी तिनं रावजीचे दोन बोकड पुढच्या अंगणात कापले. खिडक्याखिडक्यांतून डोळे होते. दुपारी मांडवात दस्तरखान अंथरलं, भाताचे आणि मटणाच्या सालनाचे थाळ मांडले. वासानं मोहल्ला दरवळला. आणि कोणी बसेना. पुरुष मशिदीच्या भिंतीला टेकून उभे, कासममियाँ सगळ्यांत पुढे. बायका आपापल्या दारांत, तोंडाला पदर लावून. पिवळ्या कपड्यांतली शमीम दाराआडून रिकामा मांडव बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हुरमतखाला मात्र हातात पळी घेऊन ताठ उभी. सासूनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मग काठीचा टकटक आवाज आला. कासममियाँची आई, मेहरूनदादी, कंबरेत वाकलेली, रस्ता ओलांडून मांडवात आली आणि पहिल्याच थाळावर बसली.

"अम्मा, उठ!" कासममियाँ धावत आले. "तो हराम हाय."

दादीनं घास कालवला. "कासम, तुज्या ल्हानपनी तू तापानं सापळा झाल्तास. बावा तुजा बोटीवर. तुना कोंबडीचा रस्सा पाजून मी उठवला. ती कोंबडी कुनी कापली?"

"मालेगावच्या ड्रायव्हरनं. तूच सांगायचीस."

"कंचा मालेगाव नि कंचा ड्रायव्हर!" दादी म्हणाली. "तिठ्यावर उभी राहून पाय मोडले, कुनी थांबला नाय. विहिरीमागं नेऊन मीच कापली. अल्लाचा नाव घेऊन कापली. मी तुना हराम खिलवला काय रे?"

पहिल्यांदा माझी सासू हसली. पदर तोंडात कोंबूनही तिला हसू आवरेना. समोरच्या दारातली हसली, तिच्या पलीकडची हसली. मी सासूकडे बघितलं आणि मला ते मागचं दार आठवलं. म्हणजे हीसुद्धा! म्हणजे सगळ्याच! तो मालेगावचा ड्रायव्हर दहा फेऱ्यांत एकदा भेटत असेल नसेल. बाकी सगळ्या कोंबड्या आमच्या आयांनी विहिरीमागे कापल्या होत्या. हुरमतखालाचा गुन्हा एवढाच की तिनं पुढच्या दारी कापली.

हुरमतखाला मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता.

"सगळ्या कापत व्हत्याव? नि मना एकलीला उन्हात उभी केलीव?"

हसणं बंद झालं. दादी हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "व्हय गो. भ्यालंव आमी."

"मग आता भिवू नका," हुरमतखाला म्हणाली. "बसा. भात निवताय. पन उद्यापासना जिची तिनं कापायची. पुढल्या दारी. मी काय आख्ख्या मोहल्ल्याचा मक्ता घेतला नाय."

बायका बसल्या. बायका बसल्यावर पुरुष किती वेळ भिंत धरून उभे राहणार? तेही आले. कासममियाँ तेवढे घरी निघून गेले. शमीमनं तोंड धुतलं आणि माझ्या शेजारी येऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सासूनं कोंबडी आणि सुरी घेतली आणि ती पुढच्या ओट्यावर येऊन बसली. कोंबडी काही नीट धरली जाईना. तेवढ्यात समोरून कासममियाँ खाली मान घालून चालले होते. सासूनं त्यांना हाक मारली.

"कासममियाँ, जरा हिचे पाय धरा."

ते थांबले. इकडेतिकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला, ओट्याशी उकिडवे बसले आणि त्यांनी कोंबडीचे पाय धरले.