बाबांच्या फोटोवरचा हार

मंडळी, गुहागरच्या आमच्या होमस्टेची वेबसाइट मीच करायची ठरवलीय. त्यासाठी रत्नागिरीत क्लास लावलाय. आज दुपारी आईला शेजारी बसवून सॉफ्टवेअर उघडलं. मधे पान, उजवीकडे रंग, डावीकडे लेयर, म्हणजे पानावरच्या एकेका वस्तूचा वेगळा थर. प्रत्येक लेयरसमोर डोळ्याचं एक चिन्ह असतं. तो डोळा दाबला की त्या लेयरवरची वस्तू फक्त लपते, पुसली जात नाही.

पहिल्या पानावर बाबांचा फोटो लावला. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नाही.

आई म्हणाली, "गेलेल्या माणसाचा फोटो बिनहाराचा लावतात काय गो?"

म्हणून चंदनाच्या हाराचं चित्र शोधलं आणि वेगळ्या लेयरवर घेऊन फोटोला घातलं. मग सहज हारासमोरचा डोळा दाबून बघितला.

हार गेला. बाबा अंगणात हसत उभे, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखे.

आई बघतच राहिली. "परत दाब." हार आला. "परत." हार गेला. बराच वेळ आम्ही दोघी तेच करत बसलो.

शेवटी हार लपलेला असतानाच ती उठली. "राहू देत असेच."

उद्या साइट सुरू होईल. बाबांचा फोटो बघून जुने पाहुणे फोन करतील, "काका आहेत ना?" म्हणून विचारतील. आमच्याकडे फोन आईच उचलते.

तुम्ही हार ठेवला असता का?